पायबंद: पेंडलटन, सप्टेंबर 1929

अमेरिकेच्या ऑरेगन राज्याच्या पूर्व भागात पेंडलटन नावाचे एक छोटे शहर आहे आणि तिथे 1910 पासून सप्टेंबर महिन्यात ‘राउंड-अप’ नावाचा रोडिओ, म्हणजे उधळणाऱ्या घोड्यांवर बसणे, गोऱ्हे लोळवणे अशा काउबॉयी कसबांच्या स्पर्धांचा मेळा, भरतो. 1929 च्या राउंड-अपमध्ये बॉनी मॅकॅरोल ही त्या काळातील नावाजलेली स्वार ब्लॅक कॅट नावाच्या घोड्यावर बसली. घोडा उधळला, उधळता उधळता कोलमडला, आणि बॉनीचा पाय रिकिबीतून सुटला नाही. घोड्याखाली सापडून आणि नंतर फरफटत जाऊन तिच्या मणक्याला जबर इजा झाली. काही दिवस रुग्णालयात झुंज दिल्यावर 29 सप्टेंबर रोजी तिचे निधन झाले. तेव्हा तिचे वय 32 च्या आसपास होते. या अपघातानंतर पेंडलटनच्या आयोजकांनी स्त्रियांची ब्रॉन्क-स्वारी, म्हणजे उधळणाऱ्या घोड्यावरची स्वारी, आपल्या कार्यक्रमातून काढून टाकली, आणि पुढच्या बारा वर्षांत हा क्रीडाप्रकार अमेरिकेतील मोठ्या रोडिओंमधून जवळजवळ नाहीसा झाला.

एवढी हकीकत रोडिओचा इतिहास सांगणारे सगळेच सांगतात. प्रस्तुत लेखात तिच्यातील एकाच तपशिलाची तपासणी करायची आहे. बॉनीच्या दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधलेल्या होत्या. ती बांधणी तिच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. पेंडलटनमध्ये स्त्रियांनी तशाच रिकिबींनी स्वारी करावी असा दंडक होता, आणि पुरुषांना तो लागू नव्हता. अपघात झाल्यावर हा दंडक रद्द करता आला असता. प्रत्यक्षात दंडक तसाच राहिला आणि स्त्रियांना रिंगणाबाहेर काढण्यात आले. हा निर्णय त्या काळच्या समजुतींना धरून होता हे मान्य केले, तरी तो चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी आधी त्या दोरीचे काम नीट पाहावे लागते.

रिकिबी बांधल्याने काय होते

ब्रॉन्क म्हणजे पाठीवर माणूस सहन न करणारा घोडा. अशा घोड्यावर खोगीर घालून स्वार बसतो, घोडा मोकळा सोडला जातो, आणि तो पाठ कमानीसारखी वाकवून, चारी पाय उचलून, अंगाला पिळे देत स्वाराला फेकून देण्याचा प्रयत्न करतो. पुरुषांच्या स्पर्धेत स्वाराच्या एका हातात एकच जाड लगाम असतो, आणि दुसरा हात हवेत मोकळा ठेवावा लागतो. तो घोड्याला किंवा खोगिराला लागला तर स्वारी बाद होते. तोल राखण्याचे बहुतेक काम पायांवर येते. घोडा जमिनीवर आदळतो तेव्हा स्वाराच्या टाचा त्याच्या खांद्यांपाशी असाव्या लागतात, आणि तो उसळी घेतो तेव्हा त्याच टाचा झोक्यासारख्या मागे खोगिराच्या काठाकडे याव्या लागतात. ही लय घोड्याच्या लयीशी जुळली की स्वारी देखणी दिसते, आणि परीक्षक गुण देतात ते मुख्यतः तिलाच. स्वाराच्या अंगी आणखी एक कसब असते व ते गुणपत्रिकेत कधीच दिसत नाही. आता आपण पडणार हे कळताच क्षणार्धात दोन्ही पाय रिकिबीतून काढून घेऊन, घोड्यापासून लांब जाऊन पडायचे. रोडिओत पडणे रोजचेच असल्यामुळे, कसे पडावे हे ज्याला येत नाही तो त्या धंद्यात फार दिवस राहत नाही.

आता याच खोगिराच्या दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून चामडी पट्ट्याने किंवा दोरीने एकमेकींना बांधल्या, तर त्या बाहेरच्या बाजूला फाकत नाहीत आणि पुढे-मागे झुलतही नाहीत. स्वाराचे पाय घोड्याच्या दोन्ही कुशींशी आवळले जातात आणि मांड आपोआप घट्ट बसते. त्यामुळे घोड्यावर टिकून राहणे खरोखरच सोपे होते. पण झोक्यासारखी पायांची जी हालचाल स्वारीचा प्राण आहे, ती जवळजवळ संपते, म्हणजे स्वाराला आपले कसब दाखवायला वावच उरत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मोकळी रिकीब पायाबरोबर हलते, वळते आणि पाय ओढला की निसटून जाते. बांधलेली रिकीब मात्र घोड्याच्या अंगाला चिकटून राहते आणि तिच्यात अडकलेला पाय सोडवायला जागाच मिळत नाही.

मराठीत पायबंद म्हणतात तो जनावराच्या पायांत घालायचा, जनावराने पळून जाऊ नये म्हणून. इथे पायबंद घोड्याला नव्हता, स्वाराला होता. दुसरा इतका नेमका शब्द मला सापडत नसल्यामुळे पुढे तोच वापरतो.

आयोजक या पायबंदाकडे स्त्रियांना दिलेली सवलत म्हणून पाहत. अनेक रोडिओंमध्ये स्त्रियांना एकाऐवजी दोन लगाम धरण्याचीही मुभा असे. दोन लगामांची मुभा ही खरी सवलत होती, कारण ती नाकारता येत होती आणि तिच्यामुळे कोणाचा जीव धोक्यात येत नव्हता. जी सवलत घेतलीच पाहिजे असा नियम असतो, तिला सवलत हा शब्द लावता येत नाही.

बॉनी मॅकॅरोल

बॉनीचे जन्मनाव मेरी एलन ट्रेडवेल. आयडाहो राज्यात बॉइसी शहराजवळच्या हाय व्हॅली भागात, गुरांच्या एका मोठ्या रँचवर तिचा 1897 मध्ये जन्म झाला. तिचा नवरा फ्रँक मॅकॅरोल हा बुलडॉगिंग करणारा स्पर्धक होता, म्हणजे धावत्या घोड्यावरून धावत्या गोऱ्ह्यावर झेप टाकून, त्याची शिंगे पिरगाळून त्याला जमिनीवर लोळवणारा. बॉनीनेही हा प्रकार केला, गोऱ्ह्यांवर स्वारी केली आणि घोड्यासह मोटारीवरून उड्या मारण्याचे खेळही केले. मात्र तिची खरी ओळख ब्रॉन्क-स्वार हीच राहिली. नवरा-बायको दोघेही एकाच धंद्यात असून वर्षभर एका गावातून दुसऱ्या गावात, एका रोडिओतून दुसऱ्या रोडिओत फिरत असणे ही त्या काळी सर्रास आढळणारी गोष्ट होती.

1915 मध्ये, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, ती पेंडलटनच्याच रिंगणात सिल्व्हर नावाच्या घोड्यावरून पडली. छायाचित्रकार वॉल्टर बोमन याने नेमका तो क्षण टिपला. चित्रात तिचे डोके खाली जमिनीकडे आहे, पाय वर आहेत, आणि शेजारी घोड्याचे प्रचंड धूड आहे. पुढचा अर्धा सेकंद कसा गेला असेल या विचाराने आजही पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. हे छायाचित्र देशभर पोहोचले आणि त्याच्याबरोबर बॉनीचे नावही. या प्रकरणाच्या दृष्टीने त्या चित्रात महत्त्वाचे हे आहे की त्या दिवशी ती घोड्यापासून सुटून पडली. पडली, वाचली, आणि पुढे चौदा वर्षे स्पर्धेत राहिली.

त्या चौदा वर्षांत तिने जे मिळवले ते मोठे होते. 1922 या एकाच वर्षी वायोमिंगमधील शायेन फ्रंटियर डेज आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेला पहिला रोडिओ, अशा दोन्ही ठिकाणी स्त्रियांच्या ब्रॉन्क-स्वारीचे विजेतेपद तिने पटकावले. शायेन हे खेळाचे जुने, मातीतले माहेर. न्यूयॉर्क ही पैशाची आणि वर्तमानपत्रांची नवी बाजारपेठ. दोन्ही ठिकाणचे परीक्षक वेगळे, घोडे वेगळे, प्रेक्षक वेगळे, आणि विजेती मात्र एकच. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्यासमोरही तिने आपले कसब दाखवले होते. 1929 च्या पेंडलटननंतर स्पर्धा सोडायची आणि नवऱ्यासह बॉइसीला घरी राहायला जायचे, असे ठरले होते.

हे सगळे मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण बंदीच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो त्याच्या मुळाशी, स्त्रियांचे शरीर व ताकद या खेळाला पुरी पडत नाही, अशी समजूत असते. ब्लॅक कॅटवर बसलेली बाई नवशिकी नव्हती. तिच्यापाशी चौदा वर्षांचा अनुभव होता, आणि पडताना काय करायचे हे तिला पक्के ठाऊक होते. ते करण्याची सोय तिच्या खोगिरात नव्हती.

पायबंद नाकारणारी स्वार

पायबंदावाचून स्त्रियांना ही स्वारी जमलीच नसती, असे कोणी म्हणेल तर त्याचे उत्तर मोंटाना राज्यातील फॅनी स्पेरी हिच्या कारकिर्दीत मिळते. तिचा जन्म 1887 चा, हेलेना शहराच्या उत्तरेकडील रँचवरचा. तिने स्पर्धेत रिकिबी कधीच बांधल्या नाहीत. पुरुष जसे मोकळ्या रिकिबींनी बसत, तशीच ती बसे, आणि याबाबत ती कधी मागे हटली नाही.

सप्टेंबर 1912 मध्ये कॅनडातील कॅल्गरी शहरात स्टँपीड नावाचा रोडिओ पहिल्यांदा भरला. गाय वीडिक या रोडिओ-कलावंताची ती कल्पना होती आणि पैसा चार स्थानिक पशुव्यावसायिकांनी घातला होता. पावसाने रिंगणाचा चिखल केला होता. घोड्याला आत कोंडून त्याच्यावर बसायचे आजच्यासारखे अरुंद कप्पे त्या काळी नसत. घोड्याला उघड्या मैदानात दुसऱ्या घोड्याला जखडून, डोळे झाकून, त्याच्यावर खोगीर चढवत आणि मग सोडून देत. याच कॅल्गरीत रेड विंग नावाच्या घोड्याने जो लामार या स्वाराला ठार केले होते. अंतिम फेरीत फॅनीच्या वाट्याला हाच रेड विंग आला. ती मोकळ्या रिकिबींनी त्याच्यावर बसली, टिकली आणि जिंकली. एक हजार डॉलर, खोगीर, सोन्याचे बक्कल आणि स्त्रियांच्या ब्रॉन्क-स्वारीतील जगज्जेतेपद तिला मिळाले. पुरुषांच्या गटात कायनाई जमातीचा टॉम थ्री पर्सन्स विजेता ठरला. पुढच्या वर्षी विनिपेगमध्येही फॅनीनेच विजेतेपद राखले.

कॅल्गरीची ही घटना पेंडलटनशेजारी ठेवून पाहिली पाहिजे. 1912 मध्ये एक पुरुष स्वार घोड्याखाली मेला. पुरुषांची ब्रॉन्क-स्वारी त्या आठवड्यात थांबली नाही, पुढच्या वर्षी थांबली नाही, आजतागायत थांबलेली नाही. तोच घोडा रिंगणात पुन्हा आणला गेला आणि त्याच्यावर एक स्त्री बसली, यातही कोणाला वावगे वाटले नाही. स्वाराचा मृत्यू हा या खेळाचा एक ज्ञात धोका आहे असे सर्वांनी धरून चालले होते. 1929 मध्ये एका स्त्रीचा मृत्यू झाला तेव्हा मात्र तो स्त्रियांनी हा खेळ खेळू नये याचा पुरावा मानला गेला.

आयोजकांपुढचे पर्याय

पेंडलटनच्या आयोजकांना सरसकट दोषी धरण्याचा माझा हेतू नाही. हजारो प्रेक्षकांसमोर, त्यांच्या मैदानात, लोकांना आवडणारी एक बाई चिरडली गेली होती आणि ती दहा-एक दिवस रुग्णालयात मरणाशी झगडत होती. काहीतरी केले पाहिजे ही भावना त्यांच्या मनात दाटली असेल तर ते माणुसकीला धरूनच होते. प्रश्न फक्त एवढाच उरतो की काय केले पाहिजे होते.

पायबंदाचा दंडक रद्द करून स्त्रियांनाही पुरुषांच्याच नियमांनी खेळू देता आले असते. पायबंद वापरायचा की नाही हे प्रत्येक स्वारावर सोपवता आले असते. घोड्यांची निवड अधिक काटेकोर करता आली असती. ज्या साधनामुळे पाय अडकला ते साधन सोडून, ज्या व्यक्तीचा पाय अडकला तिच्या साऱ्या वर्गाला बाहेर काढणे हा या पर्यायांतील सर्वांत टोकाचा मार्ग होता, आणि निवडला गेला तो हाच.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. घोडा स्वतःच कोलांटी खाऊन अंगावर पडला, तर मोकळ्या रिकिबीही स्वाराला वाचवतीलच असे नाही. रोडिओत मोकळ्या रिकिबींचे पुरुषही असे मेले आहेत. 1933 मध्ये आयडाहो फॉल्स येथे मारी गिब्सन ही विजेती स्वार मरण पावली ती स्वारी यशस्वीपणे पुरी झाल्यानंतर, तिच्या घोड्याची तिला उतरवून घ्यायला आलेल्या मदतनिसाच्या घोड्याशी टक्कर झाल्यामुळे. तिथे पायबंदाला दोष देता येत नाही. तेव्हा पायबंद नसता तर बॉनी नक्की वाचली असती, असे विधान मी करत नाही. वाचण्याची जी एक संधी प्रत्येक पुरुष स्वाराला होती, ती तिला नियमानेच नाकारली होती, एवढे विधान पुरेसे आहे, आणि ते खोडून काढता येईल असे मला वाटत नाही.

बंदी पसरली ती कशी

एका मैदानातील निर्णयाने देशभरचा खेळ बंद पडला असे म्हणणे सोपे असले तरी ते पूर्ण खरे नाही. बॉनीच्या मृत्यूच्या वर्षीच रोडिओच्या आयोजकांनी एकत्र येऊन रोडिओ असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था उभी केली. कोणत्या क्रीडाप्रकारांचे गुण धरून जगज्जेते ठरवायचे याची यादी या संस्थेने केली आणि त्या यादीत स्त्रियांचा एकही प्रकार घातला नाही. स्त्रियांवर बंदी घाला असे कोणाला सांगण्याची गरजच राहिली नाही. यादीत नसलेल्या प्रकारावर बक्षिसाची रक्कम आणि वेळ खर्च करायची की नाही, हे ज्या-त्या गावाच्या समितीवर आले. ऑक्टोबर 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला, मंदी आली, आणि खर्च कमी करायला बसलेल्या समित्यांना कात्री कुठे लावायची याचे आयते उत्तर मिळाले. त्या उत्तराला नैतिक आधार पुरवला तो पेंडलटनच्या आठवणीने. स्त्रियांच्या भल्यासाठीच आपण हे करत आहोत, असे म्हणता येण्याची सोय त्या आठवणीने करून दिली.

रिकाम्या झालेल्या जागी जे आले तेही पाहण्यासारखे आहे. टेक्सासमधील स्टॅमफर्डच्या रोडिओत 1931 पासून आसपासच्या गावांतील व्यापारी मंडळांनी पुरस्कृत करून पाठवलेल्या मुली बोलावल्या जाऊ लागल्या. घोडा, पेहराव आणि घोडेस्वारी असे तिन्ही पाहून त्यांना बक्षिसे दिली जात. त्या मुली उत्तम घोडेस्वार होत्या, आणि पिंपांभोवती घोडा पळवण्याची आजची लोकप्रिय शर्यत याच वाटेने पुढे आली, त्यामुळे त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण 1922 मध्ये बॉनीचे गुण मोजताना तिने काय नेसले आहे हे कोणी पाहिले नव्हते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनने मोठ्या रोडिओंमध्ये सर्वांत जास्त काळ स्त्रियांची ब्रॉन्क-स्वारी चालू ठेवली. तिथली शेवटची स्पर्धा 1941 मध्ये झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्सासमध्ये काही रँचवाल्या मुलींनी हा विषय पुन्हा हाती घेतला. 1947 मध्ये अमरिलो येथे नॅन्सी बिनफर्ड आणि थीना मे फार या दोघींनी केवळ स्त्रियांचा रोडिओ भरवला आणि तिथे स्त्रिया पुन्हा उधळणाऱ्या घोड्यांवर बसल्या. त्यानंतर काही महिन्यांनी, 1948 मध्ये, सॅन अँजेलो येथे 38 जणींनी जमून गर्ल्स रोडिओ असोसिएशन स्थापन केली. नियम कोणी करायचे हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. आपल्या स्पर्धांचे नियम आणि परीक्षणाच्या अटी त्यांनी स्वतः ठरवायला घेतल्या, आणि आपल्या प्रकारांत ब्रॉन्क व बैल या दोन्हींवरच्या स्वारीला जागा दिली.

त्या साली फॅनी स्पेरी 61 वर्षांची होती. 1913 मध्ये बिल स्टील या काउबॉयशी लग्न केल्यावर तिने त्याच्यासह स्वतःचा वाइल्ड वेस्ट शो चालवला होता. त्यात ती नवऱ्याने बोटांत धरलेल्या वस्तू बंदुकीने अचूक टिपत असे. पुढे दोघांनी मोंटानातील लिंकन गावाजवळ रँच घेतली. 1940 मध्ये बिल गेला, पण ती तिथेच राहिली. शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना घोड्यांवरून डोंगरात घेऊन जाणारी वाटाडी म्हणून तिने परवाना मिळवला होता, आणि आपल्या ठिपकेदार पिंटो घोड्यांच्या ताफ्यासह हे काम ती 1965 पर्यंत, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तरीपर्यंत, करत राहिली.